खिशातला फॉर्म

ठमे,

आज माझी लाँड्रीत पहिली पाळी आहे, निघते. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

तुझी निळी पँट धुवायला काढली होती. खिसे उलटे केल्याशिवाय मी कुणाचाच कपडा पाण्यात टाकत नाही, एवढं तरी लक्षात ठेवायचं होतंस. सोमवारी पाठवला म्हणालीस तो विद्यापीठाचा फॉर्म आठ घड्या घातलेला सापडला.

ओरडत नाही. गणितात तुला एक्क्याऐंशी, आणि तिथे पंच्याण्णववाल्यांची रांग, हे मलाही कळतं. कदाचित नाहीच घेणार तुला. पण नाही म्हणायला त्यांनी पगारी माणसं ठेवलीत. त्यांचं काम तू फुकटात कशाला करतेस?

फॉर्मवर मंद इस्त्री फिरवलीय, घड्या बऱ्याचशा गेल्यात. टेबलावर आहे. पालकाची सही केलीय. विद्यापीठातली फॉर्म घ्यायची खिडकी पाचला बंद होते.

तुझ्याएवढी असताना माझ्याही खिशात असाच एक फॉर्म होता. आजीने खिसा न बघताच कपडे धुतले. कागदाचा लगदा झाला, आणि मला तेव्हा अगदी हायसं वाटलं होतं.

आता नाही वाटत.

आई