काळा भांग, पांढरा भांग

२ मे २००५, सोमवार

मुंबईहून शोभेच्या माशांचा माल आला. पिशवीत सहा मगरमासे – बोटाएवढे, लांब चोचीचे. घमेल्यात ओतले, वरून पाहिलं आणि चमकलेच! चौघांच्या पाठीवर डोक्यापासून पांढरी रेघ, तेल लावून भांग पाडल्यासारखी. दोघांचा भांग मात्र काळा. काचेतून बाजूनं बघितलं की सगळे एकाच आईचे. मागच्या खेपेलाही आम्ही बाजूनंच बघून विकले!

सोमेशला दाखवलं. नवरा घरात, दुकानात शेठ. म्हणाला, "मगर ती मगर. भांग काय बघतीस? लगीन लावायचं हाय काय त्याचं?"

४ मे

आकाराम सर खाद्य न्यायला आले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. घमेल्यावर वाकले आणि म्हणाले, "पांढरा भांग म्हणजे मोठी जात, वहिनी. माणसाएवढी होते. काळा भांग ती ठिपक्यांची – दोन-अडीच फुटांवर थांबते."

मागची एकुलती खेप २००१ सालची, चारच आले होते. "फुटापेक्षा मोठा होत न्हाय, पावणं" – सोमेशचं ठरलेलं वाक्य, आणि मागं उभी राहून मान हलवणारी मी! तीन कुणी नेले, आठवत नाही. चौथा उचगावच्या गणपतरावांनी नेला. टाकीत मावेना म्हणून पुढं मळ्यातल्या विहिरीत सोडला. त्याच विहिरीत त्यांची नातवंडं पोहायला शिकतात.

५ मे

भाकरी दोनदा करपली. पाण्याखालची ती चोचच दिसते सारखी.

७ मे, शनिवार

शेवटी धीर करून फोन लावला. मासा लहान असताना पाठीवर पट्टा कसला होता, गणपतरावांना आठवेना. त्यांच्या बायकोनं, बायडाबाईंनी, फोन ओढून घेतला. "आगं, पिशवीतनं टाकीत सोडताना मीच बघितला की! काळा पट्टा व्हता, काजळाची काडी वढल्यागत. आता डोस्क्यावर ठिपकं हायेत."

काळा! लहान जात! तिथंच काउंटरवर डोकं टेकलं.

त्या म्हणाल्या, "हिरीचा गाळ काढायचा हाय पुढल्या आठवड्यात. घावला तर खायाला चालतोय न्हवं?" आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. सासूबाईंना, अव्वाला, तर आमचं माशांचं दुकानच पाप वाटतं! पण जीव एवढा हलका झाला होता – म्हटलं, "खावा की बिनघोर!" त्या खूश. सून संयोगिताला पाचवा महिना, माहेरी गेली आहे, आणि तिला गाबोळीचे डोहाळे लागलेत म्हणे. माशाच्या अंड्यांचे कसले डोहाळे! मला कैरीसुद्धा पुरली होती.

९ मे

आज पोटभर जेवले.

१४ मे, शनिवार



आकाराम सर आले. मी फुशारकीनं सांगितलं – लहान जात निघाली सर, आता खाणार आहेत. त्यांचा चेहराच बदलला. "मांस खाऊ देत. पण अंडी विषारी असतात त्यांची. दोन्ही जातींची. मोठीला अंडी धरायला दहा वर्षं लागतात. लहान जात तीन-चार वर्षांतच धरते."

२००१ ते २००५. चार वर्षं! ज्या काळ्या भांगाच्या जिवावर मी निवांत झाले, तोच उलटला. आणि "खावा की" कोण म्हणालं? मीच.

पाच वेळा फोन लावला. नुसती रिंग. सोमेश चिडला. "दुकानाचं नाव घालवतीस काय? आन् ती मादीच हाय कशावरनं?" मी म्हटलं, नसेल कशावरून? आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडले.

१५ मे, रविवार

उचगाव. दाराला कुलूप. शेजारच्या धोंडुबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मासा काल घावला. "खवलं न्हवंत ती, फरशीच! कुऱ्हाडीनं फोडला." मांस कालच संपलं, सगळे ठणठणीत. घरचे जोतिबाला गेलेत, मुक्काम करून उद्या सकाळीच येणार. सूनही सकाळच्या गाडीनंच येणार, राधानगरीहून.

"आन् गाबोळी?"

"ही ढीगभर! मीठ लावून आत दुरडीखाली झाकलीया. आज जोतिबाचा वार, वशाट चालत न्हाय. उद्या सुनेला तळून घालायची."

मी सांगितलं – विष आहे ते, खाऊ देऊ नका. धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "लिंगायताची बाई तू. तुला गाबोळीतलं काय कळतंय?"

कुलूप हिसडून पाहिलं. चिठ्ठी लिहून कडीत अडकवली. आजचा वार जोतिबाचा नसता तर? विचारच करवत नाही. देवा, उद्याचा दिवसही तूच सांभाळ!

१६ मे, सोमवार

पहिली बस चुकली. पोचेपर्यंत नऊ. कडीत चिठ्ठी नव्हती – वाऱ्यानं गेली असणार. आत संयोगिता पाटावर, पुढ्यात ताट. मी ताटच मागं ओढलं. "खाल्लीस?"

"कुठली ओ, वैनी!"

बायडाबाई चुलीपाशी तणतणत होत्या. "कौलातनं उतरलं आन् सगळी फस्त केली मेल्या मांजरानं! एक कण ठिवला न्हाय पोरीला!"

रडू आवरेना.

तेवढ्यात परसातून गणपतरावांचा आवाज आला. "आगं, शिव्या देऊ नगंस. मांजर खरंच मेलंया हितं."

चार विकले होते. बाकीचे तीन कुणी नेले, अजून आठवत नाही.