तीन पायऱ्यांची शिडी

प्रिय टाचणी,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुझ्या भुवया वर गेल्या असतील, तर त्या आधी खाली घे. पत्र माझं आहे. मला लिहिता-वाचता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा सांगणारी मी आणि लिहिणारा दुसरा. तो कोण, ते शेवटी सांगेन. तुला ओळखू आलं असलं तरी क्रमानं वाच; गोष्टीचा शेवट आधी विचारायची तुझी खोड लहानपणापासूनची आहे. लिहिणाऱ्याचं अक्षर सुरेख आहे, स्वभावाचं मात्र विचारू नकोस. मी बोलेन तसंच्या तसं लिहायचं, सुधारायचं नाही, गाळायचं नाही आणि मध्ये तोंड घालायचं नाही, असं त्याला बजावून ठेवलं आहे. आत्ताही त्यानं मान वर केली. लिही रे, तेही लिही.

मी दवाखान्यात बसून हे सांगते आहे. मला काही झालेलं नाही. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या जन्माच्या आधीपासून कुरकुरतात. दर रविवारी तू फोन करतेस, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतेस, आणि ठेवता ठेवता विचारतेस, आणि घरातलं बाकी सगळं? सहा वर्षं झाली, 'बाबा' हा शब्द तू त्या 'बाकी सगळं'मध्ये गुंडाळून ठेवला आहेस. मीही बाकी सगळं ठीक म्हणून मोकळी होते. पण गेले चार महिने मी तुझ्याशी धडधडीत खोटं बोलले, पोरी. बाकी सगळं ठीक नाही. तुझ्या बाबाला रक्ताचा कॅन्सर झाला आहे. तुला एक शब्द बोलणार नाही अशी त्यानं मला शपथ घातली होती, आणि शहाऐंशीव्या वर्षी शपथ मोडायची म्हणजे पुढे जाऊन कुणाकुणाला तोंड द्यावं लागेल, या धाकानं मी पाळली. आजही मोडलेली नाही. कशी, तेही शेवटी.

त्याची सुरुवात तुझ्या शिडीवर झाली. गेल्या वर्षी मी तुझ्याकडे आठवडाभर राहून आले, तेव्हा तू मला तीन पायऱ्यांची छोटी शिडी दिली होतीस, फळीवरचे डबे काढायला. ती घरी आणली, तर तुझ्या बाबानं कुठून आणली म्हणून विचारलं नाही. मी आत गेल्यावर मात्र ती आडवी करून प्रत्येक सांध्यावर अंगठा फिरवत बसला. अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, चूक शोधायला बसला होता. सापडली नाही. मग हळूहळू वरच्या कपाटातली पुस्तकं काढायला तीच शिडी वापरू लागला, जशी काही ती आपल्या पायांनी चालत घरात आली होती. आणि एक दिवस दुसऱ्या पायरीवर त्याला धाप लागली. घाम फुटला, कपाटाला धरून उभा राहिला. खाली उतरल्यावर म्हणतो कसा, शिडी हलते. शिडी हलत नव्हती गं. तो हलत होता. महिनाभर हेच चाललं. हिरड्यांतून रक्त आलं तरी दोष ब्रशचा, दंडावर काळेनिळे डाग उठले तरी दोष दाराच्या कडीचा. शेवटी मी रिक्षा बोलावली आणि म्हटलं, मला डॉक्टरकडे ने, माझे गुडघे दुखतात. तिथे गेल्यावर त्यालाच पुढे ढकललं.

मग हे चार महिने. औषधाच्या पिशव्या खांबाला टांगतात आणि नळीतून थेंब थेंब सोडतात. केस गेले. तसे फार नव्हतेच, पण जे होते त्यांचा त्याला अभिमान होता. आता रोग दबला आहे. मी विचारलं, दबला म्हणजे गेला का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही आजी, दडून बसलाय, नुसत्या औषधांवर ठेवलं तर परत येणार. त्या तुझ्याएवढ्याच असतील, उंचीनं माझ्याहून कमी, पण बोलणं तोलूनमापून. रक्त हाडांच्या आत तयार होतं, आणि ते तयार करणाऱ्या ज्या मूळपेशी असतात त्याच त्याच्या बिघडल्यात. दुसऱ्याच्या चांगल्या पेशी आणून घालायच्या, हा एकच उपाय उरतो. साठी उलटलेल्या माणसाला पूर्वी हे करतच नसत म्हणे, कारण जुनं सगळं जाळून काढायला जे औषध देत त्यात रोगाच्या आधी रोगीच जायचा. आता ते औषध सौम्य देतात. जुनं पुरतं उखडत नाहीत, नव्याला बसण्यापुरती जागा करतात आणि उरलेल्या रोगाशी भांडायचं काम त्या नव्यावरच सोपवतात. नवी सून आणून सासूला सरळ करायचा प्रकार, असं मी म्हटलं, तेव्हा त्या हसल्या. मग म्हणाल्या, पण आजी, कधी कधी ती सून घरच पेटवते. नव्या पेशींना हे शरीर परकं वाटलं तर कातडी, आतडी, काळीज काही सोडत नाहीत. त्याच्या वयाच्या शंभरातले वीस-पंचवीस जण उपचारांतच जातात. कितीकांना रोग पुन्हा गाठतो. दोन-तीन वर्षांनी निम्मे चालतेबोलते असतात. मी बोटांवर मोजून पाहिलं. माझी बोटं दहाच, त्यांतली पाच मिटली, आणि त्या हाताची मूठ किती तरी वेळ मला उघडवेना.

पेशी कुणाच्या, हा पुढचा प्रश्न. सख्खी भावंडं असली तर बघतात. तो एकुलता एक, हा माझाच दोष. परक्या दात्यांच्या यादीत शोध घेतला, कुणी जुळलं नाही. मग त्यांनी विचारलं, मूलबाळ? कारण मूल बापाशी नेहमी अर्धं जुळतं, आणि आता अर्ध्या जुळण्यावरही भागवता येतं. तुझा बाबा म्हणाला, नाही. मूल नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते, टाचणी. आयुष्यभर लोकांच्या चुका काढत बसलेला माणूस, आणि स्वतःच्या फॉर्मवर एवढी मोठी चूक करून मोकळा झाला. बाईंनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता येत नाही, पण खोटं लिहिलं जात असलं की मला वास येतो. तुला सांगायचं नाही अशी शपथ होती, डॉक्टरांना सांगायचं नाही अशी नव्हती. मी म्हटलं, एक मुलगी आहे, शिड्या बनवते. बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लिहिलेलं खोडलं. घरी जाताना त्यानं मला एवढंच सांगितलं की मागायला मला तोंड नाही.

का नाही, ते तुला आणि त्याला ठाऊक आहे. पण त्यातला एक धागा माझ्याकडे आहे, तो मी आजवर कुणाला दाखवला नाही. तू शिक्षण अर्धं सोडून सुताराच्या हाताखाली गेलीस, तेव्हा त्याला आठ पानी पत्र लिहिलं होतंस. चढायचं सोडून शिडी बनवायला गेली, असं तो म्हणाला खरा, पण पत्र दोन दिवस टेबलावर घेऊन बसला होता. तिसऱ्या दिवशी मी भाजीला निघाले, तेव्हा त्यानं पाकीट दिलं, पेटीत टाक म्हणाला. ते चिकटवलेलं नव्हतं. मी वाटेत उघडून पाहिलं. पानं तुझीच होती, आणि ओळींच्या मध्ये, कडेला, वर, खाली, सगळीकडे लाल शाई. मला अक्षर कळत नाही, रंग कळतो. मला वाटलं, माझ्या लेकानं लेकीच्या एकेका ओळीला उत्तर दिलंय, जागा पुरली नाही इतकी माया लिहिलीय. मी ते पाकीट स्वतःच्या जिभेनं ओलं करून चिकटवलं आणि पेटीत टाकलं. पुढच्या रविवारी तू विचारलंस, आजी, त्यांनी काय पाठवलं ते तू पाहिलंस का? मी मोठ्या आनंदानं म्हटलं, पाहिलं तर, किती भरभरून लिहिलंय. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, गहिवरली असशील.

चार महिन्यांनी त्याच्याच तोंडून कळलं. एकशे बारा चुका होत्या, असं तो म्हणाला. मी विचारलं, आणि उत्तर? तर म्हणे, उत्तर कशाला, चुका दाखवल्या ना. तेव्हा मला उमगलं की मी काय पोस्टात टाकलं, आणि फोनवर तुला काय बोलून बसले. तुला वाटलं असेल, आजीही त्यांच्यातलीच. तुला खरं सांगायला दर रविवारी तोंड उघडलं आणि गुडघ्यांवर बोलले. मी अडाणी आहे हे जगाला ठाऊक आहे, पण इतकी अडाणी आहे हे तुला कळायला नको होतं. लिहिणाऱ्यालाही हे नवीन दिसतंय. त्यानं पेन खाली ठेवलं आहे. ठेवू दे थोडा वेळ.

हं, उचललं.

आता तुझ्या वाट्याचं सांगते, लपवून काही मागणार नाही. आधी तुझं रक्त तपासतील. तुझे डॉक्टर वेगळे असतात, ते तुला एकटीला गाठून विचारतात की कुणी दडपण तर आणलं नाही ना. हे पत्र दाखव हवं तर, आजीनं दडपण आणलं म्हणून सांग. मग पाच दिवस पोटाच्या कातडीत सुया, हाडं ठणकतात, ताप आल्यासारखं वाटतं. सहाव्या दिवशी दोन्ही हातांना नळ्या लावून चार-पाच तास पडून राहायचं. यंत्र हव्या त्या पेशी निवडून घेतं आणि बाकी रक्त तुझं तुला परत देतं. आठवडा-दोन आठवड्यांत तू पुन्हा रंधा चालवायला मोकळी. तो मात्र महिनाभर बंद खोलीत, काचेपलीकडे. सगळं नीट रुजलं तर त्याचा रक्तगट बदलून तुझा होईल, आणि लहानपणच्या लशी त्याला पहिल्यापासून टोचून घ्याव्या लागतील. लेकी बापाच्या वळणावर जातात, हा सहासष्टाव्या वर्षी लेकीच्या वळणावर जाईल. तुमचं अर्धं जुळतं हे ऐकून मला हसूच आलं, मी तर समजत होते अजिबात जुळत नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला खोली रिकामी होते. रोग किती दिवस दडून बसेल ते सांगता येत नाही.

तू नाही म्हणालीस तर मी समजेन, आणि रविवारी गुडघ्यांवरच बोलू. हो म्हणालीस आणि तरी तो त्या मिटलेल्या पाच बोटांत गेला, तर ते तुझ्या पेशींचं पाप नव्हे, हे आत्ताच लिहून घेते, म्हणजे नंतर तुला दुसरं काही वाटायला नको. मला स्वतःला काय हवं आहे तेही धड कळत नाही. त्या काचेच्या खोलीत त्याला पाठवायची भीती वाटते, न पाठवायचीही वाटते. एकच ठाऊक आहे. मी शहाऐंशीची, तो सहासष्टचा. माझा नंबर आधी आहे. रांग मोडून पुढे घुसणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत, आणि त्यात माझ्या पोटचं असावं, हे मला सोसायचं नाही.

आता लिहिणाऱ्याचं. आज सकाळी त्याच्या डाव्या हातात सुई खोचली, पिशवी टांगली, आणि पुढ्यात पुन्हा तोच फॉर्म ठेवला. दात्याचं नाव लिहायची ओळ तीन दिवस कोरी आहे. तोंड नाही, तोंड नाही, हेच पालुपद. मी खांबाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. म्हटलं, तोंड नसेल, पण उजवा हात मोकळा आहे. मला नातीला पत्र घालायचंय, मला अक्षर येत नाही, लिहून दे. आईला नाही म्हणायची त्याची टाप नाही. म्हणजे बघ, मी शपथ कुठे मोडली? मी तुला काहीच सांगितलं नाही, त्याचं दुखणं त्यानंच तुला लिहून कळवलं, आणि तुझ्याकडे मागितलं तेही त्यानंच, स्वतःच्या हातानं, पहिल्या ओळीपासून. यासाठीच हे पत्र. एकाच हातानं लिहिलंय, त्यामुळे चुका झाल्या असतील; परत वाचून सुधारतो म्हणाला, मी कागद ओढून घेतले. लाल पेन तुझ्याकडे असेल तर सगळ्या दाखव. फक्त पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. माझ्या अंगठ्याखाली दोन बोटं जागा सोडायला सांगितली आहे. तिथे त्याला हवं ते लिहू दे. मला वाचून दाखवायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. ही सगळी पानं भरायला लागला नाही एवढा वेळ तो तिथे घालवणार, असं एकंदर दिसतंय.

तुझीच, गुडघ्यांसकट,
आजी
(डाव्या हाताचा अंगठा)

शिडी हलत नव्हती.
— बाबा