तीन नंबर वॉर्डाचं मत

खडकमाळ, आणे पठार
४ जानेवारी

तीर्थस्वरूप प्रतिभाआत्यास,
रामनाथचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, घरी सगळे बरे आहेत, मी सोडून. बाळासाहेबांनी तुम्हा पाच सदस्यांचे फोन एका पिशवीत भरले, देवदर्शनाला नेतो म्हणून गाडीत घातलं, आणि आता सावळेराम टेम्पोवाला सांगतो की तुम्ही पेठला एका मंगल कार्यालयात मुक्कामाला आहात. लग्न कुणाचं आहे तिथं? मी कॉलेज अर्धवट सोडलं हे तू येता-जाता ऐकवतेस, पण सोडायच्या आधी राज्यशास्त्र वाचलंय. वॉर्डाने माणूस निवडायचा आणि त्याने चारचौघांत बसून वॉर्डाचं बोलायचं, असं त्यात होतं. निवडलेली माणसं लपवून ठेवायची, असं कुठल्या पानावर नव्हतं.

गणित मलाही कळतं. सरपंचबाई गावाने थेट निवडल्या, उपसरपंच मात्र पंचायतीत बसून निवडायचा. उभे आहेत बाळासाहेब आणि मोहिनीताई. बाळासाहेबांकडे तुम्ही सहा, त्यांना धरून. मोहिनीताईंकडे त्यांना धरून तिघे आणि सरपंचबाई. तुमच्यातलं एक फुटलं की बरोबरी, आणि बरोबरी झाली की सरपंचबाईंना जादा मत. म्हणून ही राखण. पण हर्षाली तीन नंबर वॉर्डातून निवडून आली तेव्हा मला म्हणाली होती, मी वस्तीच्या पाण्यासाठी उभी राहिले, बाळासाहेबांसाठी न्हाई. मग ती गुपचूप गाडीत का बसली? तिला कुणी काय कबूल केलंय? ती मत कुणाला देणार ते विचारून कळव. आणि मांगीलालशेठचा अंकित, तो पण सदस्य म्हणून तिथंच आहे. दोघं रोज एकत्र जेवतात असं सावळेराम म्हणाला. खरं काय ते लिही.

भाच्यावर आहे तेवढी माया राहू दे.
तुझा
रामनाथ

*

पेठ
५ जानेवारी

चि. रामनाथ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र सावळेरामने आणलेल्या भाकरीच्या फडक्यातून मिळालं. ठेच्याचा डाग पडलाय, पण तिखट मजकूर तुझाच आहे हे ओळखलं.

आम्ही बायका स्टेजवर गाद्या टाकून झोपतो. नवरा-नवरीच्या लाल खुर्चीवर बाळासाहेब बसतात आणि आम्हाला समोर बसवून मीटिंग घेतात. काल म्हणाले, वर आमदारांना विमानाने नेतात, आपल्याला टेम्पो ट्रॅव्हलरने, बाकी रचना तीच. आम्ही हसलो. मग बराच वेळ कुणी कुणाकडे बघितलं नाही. इथं असंच आहे बाबा. एखादी संडासला जास्त वेळ बसली तरी दुसरी दाराशी जाऊन कान लावते.

अंकितचं म्हणशील तर तो सूर्य बुडायच्या आत जेवतो, कांदा-लसूण खात नाही. आचारी त्याचं लवकर करतो, हर्षालीला भूक लवकर लागते, म्हणून ती त्याच्या पंगतीला बसते. तिचं प्रेम जमलंच असेल तर ते बिनलसणाच्या वरणाशी.

मताचं मी तिला विचारलं. ती म्हणाली, आत्या, तुम्ही कुणासाठी विचारताय? तिचे वडील जानकूतात्या रोज येऊन तिला समज देतात. तिला पॅनेलमध्ये त्यांनीच घुसवलं, बाळासाहेबांना शब्द दिलाय. ही निवड झाली की तुमच्या दोघांच्या लग्नाचं मी तात्यांच्या कानावर घालणार आहे. तोवर तू गुमान राहा. तुझ्या डोक्यातली भट्टी पेठपर्यंत जाणवते.

जेवणखाण वेळेवर कर आणि आत्यावर भरवसा ठेव.
तुझी
प्रतिभाआत्या

*

खडकमाळ
६ जानेवारी

तीर्थस्वरूप आत्यास, शि. सा. न. वि. वि.

वरणाचं मला पटलं नाही. ती सरळ उत्तर देत नाही याचा अर्थ मी काय घ्यायचा? तूही तिला सामील आहेस असं वाटायला लागलंय, माफ कर. मला राहवेना. मोहिनीताईंच्या दिराला मी सांगून टाकलं तुम्ही कुठं आहात ते. येतील, गेट उघडतील, सगळ्यांच्या देखत कोण कुणाचं ते होऊन जाईल. कोंडलेलं माणूस एकदा मोकळं झालं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

रागावलीस तरी टाकू नकोस.
रामनाथ

*

पेठ
७ जानेवारी

रामनाथ यांस,
स. न. वि. वि.

आज दुपारी मोहिनीताईंची माणसं दोन जीप घेऊन गेटवर आली. शिव्या झाल्या, एकाची कॉलर फाटली, आमच्यातलं कुणी बाहेर गेलं नाही. ती गेल्यावर बाळासाहेबांनी विचारलं, पत्ता कुणी फोडला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तात्यांनी पण. पत्ता तू दिलास हे आत्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर आत्यांची इथं धडगत नव्हती.

माझं मत कुणाला, हे तुला हवंय. बाळासाहेबांना पण तेच हवंय, तात्यांना पण. ते दरडावून विचारतात, तू जीव टाकून विचारतोस, तेवढाच फरक. रामनाथ, तू दोन नंबर वॉर्डातला. माझा मतदारसुद्धा नाहीस तू. तीन नंबरच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात, त्यांनी विचारलं तर मी त्यांना पाच वर्षं उत्तर देत राहीन. बाकी कुणाला बांधील नाही.

परवा निवड आहे. हात वर करून मत घेतलं तर प्रत्येक हातावर कुणाची तरी नजर असेल. एका सदस्याने जरी मागितलं तरी मतदान गुप्त होतं. मी मागणार आहे. त्यानंतर मला कधी विचारू नकोस. विचारलंस तर तुझ्यात आणि त्यांच्यात मी फरक करणार नाही.

लोभ असेल तर तो असा दिसू दे.
हर्षाली

*

खडकमाळ, माझ्या घरून
१० जानेवारी

चि. रामनाथ यास आशीर्वाद.

तू तोंड लपवून बेल्ह्याला मित्राकडे जाऊन बसलास म्हणून लिहिते. फोनवर हे बोलवत नाही, आमच्याकडे सध्या भिंतींनाही कान आहेत.

काल निवडीला हर्षालीने उठून गुप्त मतदान मागितलं. अधिकाऱ्याने चिठ्ठ्या वाटल्या. मोजल्यावर बरोबरी निघाली आणि सरपंचबाईंनी जादा मत मोहिनीताईंना दिलं. बाळासाहेब पडले. आमच्यातलं एक फुटलं.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला खंडोबाच्या देवळात नेलं. प्रत्येकाने बेल-भंडारा उचलून सांगायचं, मी फुटलो नाही. सगळ्यांनी उचलला. अंकितने जैन असून उचलला. मीही उचलला. हर्षालीने हात मागे घेतला. म्हणाली, चिठ्ठी गुप्त होती, मग देवासमोर उघडी कशाला करायची? मी तुमचं मत विचारत नाही, माझं विचारू नका. तात्या तिच्या अंगावर धावून गेले. आम्ही आवरलं. तेव्हापासून ते तिच्याशी बोलत नाहीत, आणि अख्खं गाव म्हणतं तिनेच केलं.

तिने केलं असेल. किंवा आमच्यातल्या एकाने खंडोबाला फसवलं असेल. माझ्याकडे तसं बघू नकोस.

तात्यांकडे तुझा विषय मी आता काढू शकत नाही. तू काय करायचं ते तू ठरव, पण या वेळी आधी विचार कर.

काळजी घे.
तुझी आत्या

*

खडकमाळ
१२ जानेवारी

हर्षालीस,
स. न. वि. वि.

काल तुमच्या घरी गेलो होतो, तू टँकरबरोबर वस्तीवर होतीस. तात्यांना सांगितलं, पेठचा पत्ता मी फोडला, तुमच्या मुलीने नाही. लग्नाचंही माझ्याच तोंडाने विचारलं. त्यांनी ओटीवरूनच परत पाठवलं. म्हणाले, आधी ती कुणाच्या बाजूची ते मला कळू दे, मग तुझं बघू. म्हटलं, तात्या, ती तीन नंबर वॉर्डाच्या बाजूची आहे. त्यांनी दार लावलं. मी पुन्हा जाणार आहे.

खोटं लिहीत नाही. मी सगळ्यांवर संशय घेतो. आत्याने चहा दिला तरी वाटतं, हिनेच तर नाही? अंकित दुकानात पुड्या बांधत होता, त्याच्या हाताकडे बघत उभा राहिलो. माझा स्वभाव एका आठवड्यात बदलणार नाही.

तू मत कुणाला दिलंस ते मी विचारत नाही. पण आपलं लग्न झालंच, तर कधीतरी भांडणात, डोकं फिरलं की, माझ्या तोंडून तो प्रश्न निघेल. त्या दिवशी मला सोडून जाऊ नकोस. फक्त सांगू नकोस.

एवढा लोभ असू दे.
रामनाथ