गॅसची रोटी

मकथर, १८ फेब्रुवारी

प्रिय लुत्फी,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ऑलिव्हची छाटणी झाली, अंगणात फांद्यांचा ढीग पडलाय. थंडी हटत नाही.

माझं काम विचारतोस. दवाखान्यातर्फे गावोगाव हिंडून बायकांना सांगते, मातीच्या तबूनात डोकं घालून रोट्या भाजू नका, त्या धुरानं फुप्फुसं कामातून जातात. बायका माना डोलावतात, चहा पाजतात आणि चहाबरोबर त्याच तबूनातली रोटी पुढे करतात. नको म्हटलं तर रुसतात.

गेल्या आठवड्यात आपल्या गल्लीतली जुहरामावशी भेटली. म्हणाली, "पोरी, तुझा तो दम्याचा पंप म्हणजे जादू बघ! दोनदा ओढायचा नि बसायचं तबूनापाशी. पीठ संपेस्तोवर धाप लागत नाही. तुझ्या आईनंच शिकवलं आम्हाला."

ऐकलंस? धुरानं बिघडलेल्या छातीसाठी मी पंप देते, आणि ह्या तो ओढून पुन्हा धुरातच बसतात! माझ्या सगळ्या कामावर पाणी, आणि ते ओतणारी आपली आई.

घरी येऊन कडाकडा भांडले. मी आणलेल्या गॅसच्या भट्टीवर तिनं मिरचीच्या हरिसाच्या बरण्या मांडल्यात. म्हणाली, "लुत्फी... येतोय. त्याला... गॅसची रोटी... रबर लागते."

मधली टिंबं मी उगाच दिलेली नाहीत. तू लिहितोस, आई हल्ली 'कामात आहे' म्हणून फोन माझ्या हातात देते, रागावली का? रागावली नाही रे. तिला एक वाक्य एका दमात पुरं करता येत नाही. तुला कळू नये म्हणून मला शपथ घातली होती. मोडली.

डॉक्टर म्हणतात, गेलेलं फुप्फुस परत येत नाही, उरलेलं जपा. पण सगळ्या पंचक्रोशीला शिकवणाऱ्या माझी घरात काडीची किंमत नाही. तुझं ती ऐकेल.

तेव्हा शुक्रवारी फोन कर. सांग, तिकडे राहून तुला गॅसचीच रोटी आवडायला लागली. खोटं असलं तरी ठासून सांग. आणि आलास की तिच्यासमोर बसून ती रबरी रोटी खा, वर आणखी एक माग.

फोनवर नुसताच श्वास ऐकू आला, तर ठेवू नकोस. ती आईच असेल. तू बोलत राहा.

तुझ्यावर चिडलेली, तुझी वाट पाहणारी,
सलवा