एकतीस रविवारांची गैरहजेरी

रविवार, ५ जानेवारी २०२५

एस्तेर प्रभाकर जगधने — तुझे पूर्ण नाव लिहिले, कारण हजेरीपटात ते तसेच आहे. आज उपासनेनंतर मंडळीच्या वार्षिक अहवालासाठी गतवर्षाची बेरीज केली. तुझ्या निधनापर्यंतचे रविवार अठ्ठेचाळीस. पैकी गैरहजर — एकतीस! प्रत्येक नोंद माझ्या अक्षरात. कारण प्रत्येक वेळी एकच, डोकेदुखी. मागील वार्षिक सभेत चिटणीस या नात्याने मी अनियमित सभासदांची नावे वाचली, त्यांत तुझेही वाचले. स्वतःची पत्नी म्हणून पक्षपात नको, एवढ्यासाठी. तू खाली पाहून हसलीस.

मृतांशी बोलणे आपल्या शिकवणुकीत बसत नाही. यापुढे केवळ वहीशी बोलेन.

मंगळवार, ७ जानेवारी

शेजारच्या धम्मशीलाबाई शिक्षिका आहेत. एस्तेर गेल्यापासून पाच आठवडे दोन्ही वेळचा डबा त्यांच्या घरून येतो. बौद्ध कुटुंब. आमच्या मंडळीतून इतक्या नियमाने कोणी आलेले नाही, हे कृतज्ञतेने नोंदवतो.

आज डबा ठेवताना म्हणाल्या, "सर, सुलाबाईकडं आता रविवारी कोण जायलंय?"

"कोण सुलाबाई?"

मला काहीच ठाऊक नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. मग सांगितले. रेल्वे फाटकापलीकडे एका खोलीत ऐंशी वर्षांची एकटी बाई राहते. साखरेमुळे पायाला जखम. सरकारी दवाखान्यातील नर्स रोज पट्टी बदलते, पण रविवारी तिला सुटी. गेली दोन वर्षे बहुतेक रविवारी एस्तेर जात असे. मी चर्चला निघाल्यावर!

म्हणजे डोकेदुखी नव्हतीच. दोन वर्षे ती माझ्याशी खोटे बोलली. खोटे बोलणाऱ्या व्यक्तीस खरी ख्रिस्ती म्हणावे काय? जेवण गेले नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

पाळकसाहेबांची सूचना: वार्षिक सभेत 'खरा ख्रिस्ती कोण' या विषयावर मी दहा मिनिटे बोलावे. तीन वेळा लिहिले, तीन वेळा फाडले.

रविवार, १२ जानेवारी

चर्चला गेलो नाही. स्वतःच्या नावापुढे काय कारण लिहावे, हे अद्याप ठरलेले नाही.

धम्मशीलाबाईंनी सुलाबाईंच्या दारापर्यंत सोबत केली. खोलीत वास होता. मी रुमाल नाकाशी नेला.

"रुमाल ठिवा खिशात, मास्तर. पट्टीला दोन हात लागत्यात," सुलाबाई म्हणाल्या. मग, "लय वाकडं धरायलाव! शाळेत पोरांचे कान असेच धरीत व्हता का?"

मी विचारले, एस्तेरने हे मजपासून का लपवले?

"म्या म्हणलं व्हतं, सांगा की मालकाला. तर हसल्या. म्हणल्या, सांगितलं तर ते याची बी कमिटी बसवतील!"

मी हसलो. दफनानंतर प्रथमच. त्यानंतर रडलोही, पण सुलाबाई छताकडे पाहत राहिल्या. त्यांचे आभार.

निघताना खोलीचे मालक नागनाथ दारात भेटले. "दोन वर्षं माणुसकीनं ठेवलं, सर. पण वासानं बाजूचे भाडेकरू निघून जायलेत. महिनाअखेर खोली रिकामी पाहिजे." माणूस वाईट नव्हे. पण त्या जाणार कोठे? पुढे-मागे कोणी नाही.

बुधवार, १५ जानेवारी

मंडळीची शिफारस असल्यास मिशनच्या वृद्धाश्रमात जागा मिळते. पंच कमिटीपुढे सुलाबाईंचे नाव मांडले. पंचांपैकी गोपाळरावांनी जुने इतिवृत्त उघडले. शिफारस केवळ बाप्तिस्मा घेतलेल्यांसच. "ठराव तुमच्याच अक्षरात हाय, सर."

खरे आहे. भाषाही निर्दोष आहे.

पाळकसाहेब मृदुपणे म्हणाले, "त्या बाप्तिस्मा घेतील का, विचारून पाहा."

रविवार, १९ जानेवारी

विचारले. लिहिताना लाज वाटते, पण विचारले.

सुलाबाईंनी उलट विचारले, "त्यानं पाय बरा व्हतो का?"

"नाही."

"मग जागंसाठी देव बदलू? उद्या दुसऱ्यानं चांगली खोली दिली, तर फिरून बदलू?" मग आवाज उतरला. "एस्तरबाईनं कवा इचारलं न्हाई. पाय धुतला, नखं काढली, गेल्या."

मी क्षमा मागितली. त्यांनी पदराची गाठ सोडली. आत मूठभर हुरडा होता, कोणी आणून दिलेला, माझ्यासाठी राखलेला. "खा. त्वांड लय सुकलंय." खाल्ला. गोड होता. आज पट्टी एकट्याने बांधली, सरळ बांधली. परमेश्वराचे उपकार मोठे आहेत, आणि ते मला फाटकापलीकडून मिळत आहेत.

रविवार, २६ जानेवारी

पहाटे पट्टी, दहाला उपासना, मग वार्षिक सभा. दहा मिनिटांपैकी दोनच बोललो. एस्तेर एकतीस रविवार कोठे होती, ते सांगितले. ती खोटे बोलली, हेही सांगितले. आणि माझ्यासारख्या नवऱ्याशी तिला खरे बोलता आले नाही, हा दोष माझा, असेही. विषयावर मजजवळ याहून अधिक काही नाही.

कोणी सुचवले, हजेरी दुरुस्त करावी. गोपाळरावांनी हरकत घेतली: पट हा चर्चमधील उपस्थितीचा आहे. मी हरकतीस अनुमोदन दिले! गैरहजर ती गैरहजरच. मला त्या नोंदींचा आता अभिमान वाटतो.

पाच दिवस उरले. शिफारस नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सकाळी एस्तेरच्या पलंगावर नवी चादर घातली. सुलाबाईंनी उशी खिडकीकडे करून घेतली. त्यांच्या खंडोबाच्या तसबिरीसाठी भिंतीत खिळा मी ठोकला. "वाकडा हाय, मास्तर." पुन्हा ठोकला. दुपारी फाटकापलीकडे जाऊन खोली झाडली, दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या नागनाथ यांना परत केल्या.