गुलाबवाला नंबर

४ नोव्हेंबर
मी सांगतेय, झोया लिहितेय. नात माझी, जन्म दुबईचा, त्यामुळे हळू सांगावं लागतं. कॉलेजात तिला ‘यंत्र आणि माणूस’ असा विषय आहे. म्हटलं, फोनवर विचार करायला कॉलेज कशाला? "दादी, इट्स फिलॉसॉफी." असेल.
हाजराचा आवाज आठ दिवस नाही. धाकटी बहीण, रत्नागिरीला. रोज फोनवर निरोप बोलून धाडायची. गेल्या वेळी खोकत होती. मी म्हटलं, नाटक पुरे, तुला कोण सिनेमात घेणार? रुसली असेल. रुसू दे.

७ नोव्हेंबर
मला वाचता येत नाही, फोनमध्ये मी माणसं तोंडावरून ओळखते. माझा मुलगा जावेद मिशीवाला, हाजरा हिरव्या ओढणीत. हिरवी ओढणी दिसतच नाही. उलट कोणी लाल गुलाब लावून अधूनमधून निरोप पाठवतो. जावेदने बजावलंय, अनोळखीला बोट लावायचं नाही, लुटतात. नाही लावलं. या वयात गुलाबवाला कोण निपजला, म्हणून हसले.

११ नोव्हेंबर
हाजरा गेली. तिच्या मुलीचा, रुखसानाचा, जावेदला ऑफिसात फोन.
इथे दुबईत, अल कुसैसच्या या घरच्या हॉलमध्ये बसून तिला माती देताना फोनवर बघितलं. बाईने कब्रस्तानात जायचं नाही. फोनला कोणी अडवलं नाही. धरणाऱ्याचा हात हलत होता. बऱ्याचशा चपलाच दिसल्या. मग चित्र अडकलं.

१५ नोव्हेंबर
रुखसाना म्हणाली, "खाला, अम्मी शेवटपर्यंत तुमच्याशी बोलत होती. एकही निरोप ऐकला नाहीत?"
नाकात नळी घातल्यावर हाजराने फोनवरचा आपला फोटो काढून टाकायला लावला. बरी झाले की लाव म्हणाली. तोवर मुलीने गुलाब लावला.
झोयाने माझा फोन बघितला. "दादी, द नेम वॉज राइट देअर."
गुलाबाच्या शेजारीच. तीन अक्षरं.

१६ नोव्हेंबर
सहा निरोप. पाच ऐकले. पहिल्यात खोकून म्हणते, आपा, आजचा सीन बघ. चौथ्यात, रागावलीस का गं? पाचव्यात बराच वेळ श्वास, मग, एकदा बोल.
झोया विचारते, चूक फोनची का? लिही. तुझे आजोबा इकडे आखातात कामाला, मुसफ्फाहून पत्र धाडायचे, गावचे मास्तर मला वाचून दाखवायचे. वाईट मजकूर आला की आधी खाकरायचे. माझं दुःख आळीला माझ्याबरोबरच कळायचं. लाज वाटायची. हा फोन हाती आला, वाटलं सुटले, आता कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. खरंच कोणाची गरज उरली नाही. म्हणून तर गुलाब कोणाचा, ते सांगायलाही कोणी नव्हतं. हे सांग तुझ्या कॉलेजात.

१८ नोव्हेंबर
सहावा राहिलाय. सगळ्यात लांब.
"शॅल आय प्ले, दादी?"
थांब म्हटलं. आधी माझं उत्तर जाऊ दे, ती वाट बघत होती. बटण दाबलं. हाजरा, रागावले नव्हते गं. खोकला खरा होता.
चहा होईतो खुणा निळ्या झाल्या. तिकडे ऐकलं कोणीतरी.
"दादी, दॅट्स जस्ट रुखसाना..."
म्हटलं, तुला विचारलं का मी?
सहाव्यावरचा, न ऐकल्याचा ठिपका अजून हिरवा आहे.