आज दिवस बुडेपर्यंत मी मोकळा

मी, केशरीचंद नेमासा आसेगावकर, वय सहासष्ट, धंदा लग्न, उरूस व सभांना लाऊडस्पीकर भाड्याने देणे, राहणार मंगरूळपीर, जिल्हा अकोला, हा कागद लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कान इतके शाबूत की पडद्यामागचे बोलणेही भोंग्याशिवाय ऐकू येते. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय करत आहे. हे वाक्य लोक डोळे झाकून लिहितात. मला त्याचा खुलासा करणे भाग आहे, कारण आज सकाळी नऊ वाजेपर्यंत मी गुलाम होतो.

कलम पहिले, खुलाशाचे. गेल्या महिन्यात इब्राहीमभाईंच्या शिलाईच्या दुकानात पडद्याआड मी माप देत होतो. बाहेर माझ्या धाकट्या भावाचा मुलगा फुलचंद कोणाला तरी सांगत होता, "काकाले सोताचं मन कुठी हाय? काकू म्हनंल तिथी सही करते. मुर्तुपत्र केलं तरी कोर्टात एका दिवसात उडवतो." म्हणजे मी मेल्यावर माझ्या बायकोला, राजमतीला, घराबाहेर काढायची तयारी चालली आहे. आम्हाला मूलबाळ नाही. म्हणून सांगतो ते कोर्टाने नीट ऐकावे.

आईबाप गेले तेव्हा मी बारा वर्षांचा. तेव्हापासून भावाची शाळा, त्याचे लग्न, धंदा, घर, सगळे मीच ठरवले. सन १९५२ साली केनवडच्या एका लग्नात माईक चालू आहे हे विसरून मी भिवाजी गाडीवानाला म्हणालो, की घरात आपलेच चालते, बायकोची बिशाद नाही. ते वऱ्हाड्यांनी ऐकले, गावाने ऐकले, आणि बायकांच्या पंगतीत बसलेल्या राजमतीनेही ऐकले. अकरा दिवस ती बोलली नाही. अकराव्या दिवशी मला कळले की माझे चालते याचा मला अभिमान नव्हता, थकवा होता. मी स्टँप पेपर आणून लिहिले : घरात मी तुझा गुलाम. काय खायचे, काय ल्यायचे, कोणाशी बोलायचे, ते तू ठरवणार. वाद घालणार नाही. तुला 'तुम्ही' म्हणेन.

ती म्हणाली, "नवरा सांभाळनं वेगळं. हा तं जीव ठेवायले देऊन राह्यला. मले इचार करू द्या." चार दिवस विचार केला, मग कागद घेतला. घेताना तिनेही एक अट घातली. दरवर्षी क्षमावाणीला, आम्ही सारे जैन एकमेकांची क्षमा मागतो त्या सकाळी, ती तो कागद माझ्यापुढे धरणार आणि विचारणार, "फाडू का?" त्या एका क्षणी उत्तर माझे.

अर्जनवीस लालसिंग म्हणतात, असा कागद कोर्टात चालत नाही, माणसाने माणूस लिहून देता येत नाही. मी म्हटले, कोर्टात नसेल चालत, आमच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षे चालला.

गावाला वाटते की मी आणि इब्राहीमभाई एकाच माळेचे मणी. तसे नाही. इब्राहीमभाई सरवरीभाभींचे ऐकतात. बिडी सोडा म्हटले की कुरकुरतात, भांडतात, शेवटी मान झुकवतात. उद्या नाही म्हणायचा हक्क खिशात ठेवून आजची गोष्ट मानतात. तेही प्रेमच आहे, पण ते कापडाच्या थानातून मीटर मीटर कापून देणे. मी अख्खे थान दिले. कात्री वर्षातून एकदाच माझ्या हाती. एकदा, सन १९६१ साली, गावाच्या हसण्याला कंटाळून मी 'फाडा' म्हटले होते. तिने निमूट फाडला. अकरा दिवस मी स्वतंत्र होतो. बाजारात भाजी ठरवता ठरवता तासभर उभा राहून चार शेर कारली घेऊन आलो. बाराव्या दिवशी नवा कागद लिहिला. तेव्हा दार उघडे आहे की नाही, हे मी जाऊन पाहिलेले आहे.

कलम दुसरे, घराचे. यंदा श्रावणात राजमतीने हुकूम केला, "घर फुलचंदच्या नावानं करा. मले भिंती कायले पायजे? वंश त्याचाच चालनार." इब्राहीमभाई असते तर दोन दिवस भांडून मोकळे झाले असते. मला भांडता येत नव्हते. वाद घालणार नाही असे मीच लिहून दिलेले. मी क्षमावाणीची वाट पाहिली.

आज सकाळी तिने विचारले, "फाडू का?"

मी म्हणालो, "फाडा."

तिने माझ्याकडे पाहिले. "थकले का?"

"नाही. एक काम हाय."

कोणते ते तिने विचारले नाही. कागदाचे चार तुकडे करून चुलीत टाकले. चहात साखर घालायला विसरली. मीही तो तसाच प्यायलो, पण आज हुकूम म्हणून नाही.

तर मोकळा माणूस म्हणून लिहितो : राहते घर, मागची विहीर व लिंबाचे झाड माझ्या पश्चात राजमतीचे, विकायच्या हक्कासह. फुलचंदने कोर्टात जरूर जावे, आणि हेही सांगावे की काकूच्या दबावाखाली सही केली असती तर हे घर त्याचे झाले असते.

कलम तिसरे. अँप्लिफायर, चार भोंगे, बॅटऱ्या भिवाजीला. बावीस वर्षे त्याने केनवडची गोष्ट कोणाला सांगितली नाही. सांगायची गरजही नव्हती, पण तरी.

कलम चौथे. माईक फुलचंदला. पडद्याबाहेर बोलण्यापेक्षा यात बोलावे, सगळ्यांना सारखे ऐकू जाईल.

कलम पाचवे. इब्राहीमभाई साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देऊ नये, असे लालसिंग म्हणतात. नाहीतर डावी बाही आखूड शिवलेला कोट त्यांनाच परत दिला असता.

कलम सहावे. माझ्या तिरडीपुढे भोंगा लावू नये. जन्मभर वाजवला, एक दिवस तरी गावाने गप्प चालावे.

कलम शेवटचे. या मृत्युपत्राबरोबर एक नवा कागद लिहून तयार आहे, मजकूर १९५२ चाच. सह्या होताच दोन्ही राजमतीपुढे ठेवीन. हुकूम मोडणाऱ्याला ती पुन्हा ठेवून घेईल की नाही, मला माहीत नाही. घेतले नाही तरी घराचे कलम बदलणार नाही. भीती एवढीच आहे, आणि कोर्टाने ती दबाव समजू नये.

मुक्काम मंगरूळपीर, भाद्रपद वद्य प्रतिपदा, शके १८९६.

सही : केशरीचंद नेमासा आसेगावकर
साक्षीदार : इब्राहीम, शिंपी. शिखरचंद, किराणा दुकानदार.
लिहिताना हजर : लालसिंग, अर्जनवीस.

(खाली, दुसऱ्या हस्ताक्षरात)

दोनी कागद वाचले. नवा पेटीत ठेवला. माह्या हुकमाच्या वरून गेले, ते आज क्षमावाणी हाय म्हनून माफ. पुढच्या साली असा डाव चालनार नाही. लालसिंगभाऊले च्या पाजा, साखर टाकून, आन् जेवाले या. दिवस बुडून राह्यला.
राजमती